सवाल उरले, जवाब हरवले

मराठी शाहिरी कवितेच्या इतिहासात कलगी-तुऱ्याचा उल्लेख बहुधा तमाशाच्या प्रकरणात, एखाद्या परिच्छेदापुरता येतो. तुरेवाले शिवाला म्हणजे ब्रह्माला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला म्हणजे मायेला. दोन्ही पक्ष डफावर आपापले चिन्ह बांधून एकमेकांना कूट प्रश्न घालतात. या प्रश्नोत्तरांच्या रचनेला भेदिक लावणी म्हणतात. एवढे सांगून इतिहासकार शृंगारिक लावणीकडे वळतो. वस्तुतः कवितेचे मूल्य कवितेनेच, उभ्या समुदायासमोर ठरवण्याची मराठीतील सर्वांत जुनी आणि सर्वांत लोकमान्य व्यवस्था जर कोणती असेल, तर ती कलगी-तुऱ्याचा सामना हीच होय.

या परंपरेची उगमकथा महाराष्ट्राबाहेरची आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. आज मध्य प्रदेशात असलेल्या चंदेरीच्या दरबारात तुकनगीर हा गोसावी आणि शाह अली हा फकीर यांचा काव्यवाद झाला. कोणीच हरेना, तेव्हा राजाने आपल्या शिरोभूषणातील तुरा गोसाव्याला आणि कलगी फकिराला दिली, अशी ती आख्यायिका. तिला सन-मिती नाही आणि ती शोधण्यात फारसा अर्थही नाही. कथेतील निवाडा मात्र पाहण्यासारखा आहे. राजाने विजेता निवडलाच नाही. एकाच मस्तकावरची दोन भूषणे दोघांत वाटली. पुढच्या सगळ्या सामन्यांचा पाया हा न सुटलेला वाद आहे. शिवावाचून शक्ती नाही, शक्तीवाचून शिव शव, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. म्हणून वाद संपवणे हा हेतू कधी नसतोच. तो चालू ठेवण्याइतके बळ आपल्या कवित्वात आहे, हे सिद्ध करायचे असते.

हीच जोडी मेवाडात सहेडूसिंह आणि हमीद बेग यांच्या नावांशी जोडली गेली. माळव्यातील माच आणि राजस्थानातील ख्याल यांच्या घडणीत तुर्रा-कलगीच्या आखाड्यांचा वाटा आहे. उत्तरेकडे लावणीबाजांचे आखाडे उभे राहिले आणि त्यांच्या रचनेला ‘मरहटी’ असेही म्हटले गेले. पूर्वेकडे पाहावे तर भंडारा-गोंदिया भागातील खडी गंमत दोन शाहिरांच्या दुय्यम सामन्याच्या रूपाने कलगी-तुऱ्याची वाट चालत आली. तिथून रेल्वेने पुढे गेले की राजनांदगाव आणि दुर्ग-भिलाई लागते. भिलाईच्या स्मृतिनगरसारख्या वसाहतीतील मराठी माणूस पोलाद कारखान्याच्या निमित्ताने १९५५ नंतर इकडे आला, असा सर्वसाधारण समज असतो. तो पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत खराही आहे. पण नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ मध्येच रतनपूरला येऊन राहिला होता आणि मराठीचा या मुलखाशी संबंध तेव्हापासूनचा आहे. जी परंपरा आपले जन्मस्थान चंदेरीला सांगते, तिच्या दृष्टीने पुणे काय आणि दुर्ग काय, दोन्ही वाटेवरची गावे आहेत.

सामना कोठे होई, याचाही विचार झाला पाहिजे. त्याला स्वतंत्र वास्तू कधी नव्हती. पश्चिम महाराष्ट्रातील गावयात्रेचा क्रम आजही पुष्कळ ठिकाणी तोच आहे: पहिल्या दिवशी देवाची पालखी आणि रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा फड. कवितेचा सामना आणि कुस्तीचा सामना या दीड-दोन दिवसांत एकाच गर्दीपुढे होत. दोहोंची भाषाही एकच आहे. वस्ताद, आखाडा, फड, चेला, जोड हे शब्द तालमीतून शाहिरीत आले की शाहिरीतून तालमीत गेले, हे सांगणे कठीण. मात्र दोन्हीकडे त्यांचा अर्थ तोच राहिला. शाहीर ‘भिडतो’, सवाल ‘टाकतो’, जवाब ‘फोडतो’. जोड तुल्यबळ लागली नाही तर प्रेक्षक नाराज होतो, हेही दोन्हीकडे सारखेच.

सवालांचे स्वरूप बाहेरून कोरडे वाटते. देहात तत्त्वे किती, अमुक राजाची माता कोण, सृष्टीच्या आधी काय होते, ज्याला बाप नाही असा पुत्र कोणता, अशा धर्तीचे ते प्रश्न असतात. सांख्यांची तत्त्वगणना, नाथपंथीयांची पिंड-ब्रह्मांडाची भाषा, श्रीधराच्या हरिविजय-पांडवप्रतापांतून गावोगाव पोचलेली पुराणे, ही त्यांची शिदोरी. शाहीर उत्तर देतो ते त्याच चालीत, बहुधा त्याच यमकाला धरून, आणि उत्तराच्या शेवटी आपला सवाल मागे सोडून. पाठांतर पुरेसे नाही, कारण समोरून काय येईल हे ठाऊक नसते; केवळ हजरजबाबीपणाही पुरेसा नाही, कारण ऐकणाऱ्यांत पोथी जाणणारा कोणीतरी हमखास बसलेला असतो. मराठी समीक्षकांनी या रचनेला बौद्धिक कसरत ठरवून बाजूला सारले. हा निवाडा अन्यायाचा आहे. ज्यांना वेदान्तावर बोलण्याचा अधिकार शास्त्राने नाकारला होता, ते लोक रात्रभर ब्रह्म आणि माया यांवर वाद घालीत होते आणि त्याचा निकाल अक्षरशत्रू म्हणवला जाणारा समुदाय देत होता. याला कसरत म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण ती कोणी केली आणि कोणापुढे केली, हे विसरता येत नाही.

पेशवाईच्या अखेरच्या शाहिरांची नावे या दृष्टीने पुन्हा वाचावीत. सोलापूरच्या राम जोशींनी संस्कृत विद्या असूनही फडाची वाट धरली आणि परंपरा त्यांचे नाव धोंडी शाहिराशी जोडते. जेजुरीचा सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार. होनाजी गवळी, त्याने रचायचे आणि बाळा कारंजकराने गायचे. प्रभाकर दातार हा ब्राह्मण गंगु हैबतीच्या फडासाठी लिहीत असे. संगमनेरच्या अनंत घोलपाच्या नावाला ‘फंदी’ हे पद मलक फंदी या फकिराच्या स्नेहामुळे चिकटले, असे सांगतात. फडाफडांमधील चुरस, विशेषतः होनाजी-बाळा आणि सगनभाऊ यांच्यातील, हे या काळातील लावणीच्या बहराचे एक प्रमुख कारण आहे. समोर सगनभाऊ नसता तर होनाजी असाच लिहिता झाला असता, असे खात्रीने कोण म्हणेल? चित्रपटांनी या शाहिरांना लोकप्रिय केले, १९४७ च्या ‘राम जोशी’ने आणि १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ने, पण एकट्या प्रतिभावंताची कथा चित्रपटाला सोयीची असते. तीमुळे शाहीर मोठा दिसला आणि त्याचा फड व प्रतिस्पर्धी धूसर झाले.

तोच प्रकार ग्रंथसंपादनात झाला आणि तिथे हानी अधिक झाली. १८९१ मध्ये अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह काढला, शाळिग्रामांनी पुढे शाहिरांच्या लावण्या संपादल्या, य. न. केळकरांचे ऐतिहासिक पोवाडे १९२८ मध्ये आले, म. वा. धोंडांचे ‘मऱ्हाटी लावणी’ १९५६ मध्ये. या मंडळींच्या श्रमांवाचून शाहिरी वाङ्मय उरलेच नसते. परंतु छापील संग्रहाचा घाट कवीच्या नावाचा असतो. एका शाहिराच्या रचना एका पुस्तकात आल्या, त्याच्या प्रतिपक्षाच्या दुसऱ्या पुस्तकात, आणि अनेकांच्या कोठेच नाहीत. भेदिक लावणी मात्र एकट्याने पुरी होत नाही. सवाल छापला गेला आणि त्याचा जवाब कोणा वस्तादाच्या बाडात राहिला, तर वाचकाच्या हाती अर्धी कविताच पडते. ही बाडे बाहेर दाखवण्याची रीत नव्हती. समोरच्याला आधी कळले तर सवालाची धार जाते. गुरूकडून चेल्याला मिळालेला हा ठेवा अनेक घरांतून वाळवीच्या स्वाधीन झाला.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियात १८९२ मध्ये ‘बुलेटिन’ या सिडनीच्या साप्ताहिकात हेन्री लॉसन आणि बँजो पॅटरसन या दोन कवींनी तेथील रानवट अंतर्भागाविषयी कवितांतून वाद घातला. एकाने तेथील जीवन भकास म्हटले, दुसऱ्याने त्याची थोरवी गायली. ही लढत दोघांनी आपसांत ठरवून केली होती, असे पॅटरसनने नंतर सांगितले. कारण अर्थातच मानधनाचे होते. हे ऐकून तुरेवाला आणि कलगीवाला दोघेही मिशीत हसले असते. त्या देशात या कवितेच्या स्पर्धा आजही खेडेगावांतील जुन्या हॉटेलांतून, सुटीच्या दोन दिवसांत रंगतात. विंटन गावच्या नॉर्थ ग्रेगरी हॉटेलात पॅटरसनचे ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’ १८९५ मध्ये प्रथम जाहीरपणे गायिले गेल्याचे सांगतात. ते हॉटेल नंतर जळाले आणि पुन्हा बांधले गेले. मुद्दा एवढाच की तो वाद छापखान्यात घडला, म्हणून त्याच्या दोन्ही बाजू शिल्लक आहेत. आपला वाद मैदानात घडला.

मैदानातील वाद मात्र विषय बदलू शकतो. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा घाट घेतला, तेव्हा सवाल ब्रह्म-मायेचे न राहता भिक्षुकशाही आणि सावकारी यांचे झाले. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांत ते अस्पृश्यतेविषयीचे झाले. कूटप्रश्नाच्या जागी सरळ प्रश्न आला आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी समोरच्या शाहिरावरून समोरच्या समाजावर गेली. हे परिवर्तन शाहिरीच्या इतिहासातील सर्वांत मोठे मानावे लागेल.

जुन्या रूपातील सामना आज सर्वांत जिवंत आहे तो कोकणात, शक्ती-तुरा या नावाने. गायक आणि ढोलकीवाला मध्ये बसतात, भोवती पायांत घुंगरू बांधलेले नाचे फेर धरतात. गण, स्तवन, गवळण झाली की सवाल-जवाब सुरू होतात. गिरणगावात स्थायिक झालेल्या रत्नागिरीकर चाकरमान्यांनी तो मुंबईत आणला आणि परळचे दामोदर नाट्यगृह या मंडळींचे हक्काचे ठिकाण बनले. शंभर वर्षे उभे राहिलेले ते नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. सामने इतर नाट्यगृहांत गेले. दरम्यान ध्वनिफिती आणि चित्रफिती आल्या. जाणकार कुरकुरतात की फितीवरचा शाहीर विचारापेक्षा टोमण्यावर भिस्त ठेवतो, आणि ती तक्रार निराधार नाही. पण त्या फितींवर सवालापाठोपाठ जवाबही आहे, त्याच रात्रीचा, त्याच ढोलकीवरचा, आणि मध्ये प्रेक्षकांनी केलेला गलबलाही.