जालन्याची छावणी आणि मच्छरदाणीबाहेरचा माणूस

परक्या देशात राहायला गेलेल्या माणसाने डासांना घराबाहेर कसे ठेवावे? एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न जालन्यातही होता. फरक एवढाच, की तेव्हा परका देश म्हणजे मराठवाडा आणि तेथे राहायला आलेले म्हणजे इंग्रज अधिकारी.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे (हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे) आर्थर वेलस्लीने शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे या टापूत इंग्रजांचे लष्करी बस्तान बसले. निजामाच्या राज्यातील तैनाती फौजेचे मुख्य ठाणे सिकंदराबादेस होते आणि जालना हे तिचे वायव्येकडील ठाणे होते.

पावसाळा सरला की हिवतापाचे दिवस येत. त्या काळच्या वैद्यकाच्या मते ताप दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने येई. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा'. म्हणून बंगल्याचे जोते उंच असावे, रात्रीची हवा आत येऊ देऊ नये, असा सल्ला दिला जाई. मच्छरदाणी होती, पण ती झोपमोड टाळण्यासाठी. आपण एका जीवघेण्या रोगापासूनही बचावतो आहोत, याची आत निजणाऱ्याला कल्पना नव्हती.

गंमत अशी, की डासांची पैदास पुष्कळदा बंगल्यातच होई. मुंग्या चढू नयेत म्हणून पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या भिजवण्यासाठी पाणी साठवलेले असे. १८८३ मध्ये बंगळूरच्या छावणीत असताना रोनाल्ड रॉस या तरुण लष्करी डॉक्टरच्या हे ध्यानात आले. त्याच्या बंगल्याजवळच्या पिंपात अळ्या वळवळत होत्या; पिंप उपडे करताच डास कमी झाले. हे डास केवळ उपद्रवी होते. हिवतापाशी डासाचा संबंध असेल, हे तेव्हा रॉसच्याही मनात नव्हते.

तो संबंध उलगडला निजामाच्याच राज्यात. २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत, रॉसला ॲनोफेलीस डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या अवस्था आढळल्या. जालन्याच्या फौजेचे मुख्यालय असलेल्या गावातच हा शोध लागावा, हा योगायोग विलक्षण खरा.

आता घर डासमुक्त ठेवण्याला शास्त्राचा आधार मिळाला. १९०० साली सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर इंग्लंडहून इटलीला गेले आणि रोमजवळच्या हिवतापग्रस्त दलदलीत, दारे-खिडक्यांना तारेची जाळी लावलेल्या झोपडीत हिवतापाचा सबंध हंगाम राहिले. सूर्यास्तापूर्वी आत जायचे आणि सूर्योदयानंतरच बाहेर पडायचे, एवढाच नियम. क्विनीन घेतले नाही. दूषित म्हणून बदनाम असलेली रात्रीची हवा मात्र जाळीतून मनसोक्त आत येत होती. आसपासचे लोक तापाने फणफणत असताना या दोघांना हिवताप शिवला नाही. परदेशी राहून डासांना दाराबाहेर ठेवण्याचा याहून चोख प्रयोग क्वचितच झाला असेल.

पण जाळी कोणासाठी? इटलीत आंजेलो चेल्लीने ती रेल्वे कामगारांच्या घरांना लावली. आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतींत मात्र स्टीफन्स आणि ख्रिस्तोफर्स या संशोधकांनी निराळा निष्कर्ष काढला. स्थानिक मुलांच्या रक्तात परजीवी आढळतात, तेव्हा गोऱ्यांनी स्थानिकांच्या वस्तीपासून दूर राहावे. डासांना बाहेर ठेवता ठेवता माणसांनाच बाहेर ठेवण्याची ही शिफारस होती.

हिंदुस्थानातील छावण्या मुळातच गावापासून वेगळ्या वसवलेल्या असत. पण साहेबाचे घर नोकरांवाचून चालत नसे, आणि त्यांच्या खोल्या बंगल्याच्याच आवारात असत. गावात कडुनिंबाचा पाला किंवा गोवऱ्या जाळून धूर केला जाई; साहेबाच्या व्हरांड्यात तीही सोय नसे. आत मच्छरदाणी आणि पंख्याचा वारा. बाहेर त्याच पंख्याची दोरी ओढत, कधी ती पायाच्या अंगठ्याला बांधून पेंगत, पंखेवाला रात्रभर उघड्यावर बसलेला असे.