मोटारीच्या मूळ ध्वनिसंचाची सुधारणा

मोटारीच्या मूळ ध्वनिसंचाची सुधारणा म्हणजे वाहननिर्मात्याने कारखान्यातच बसवून दिलेल्या संगीतयंत्रणेतील काही भाग बदलून किंवा तिला नवे भाग जोडून आवाजाची गुणवत्ता वाढवणे होय. अशा मूळ संचाला बोलीभाषेत 'कंपनी फिटेड टेप' म्हणतात. कॅसेट केव्हाच मागे पडली असली, तरी 'टेप' हा शब्द ग्रामीण महाराष्ट्रात टिकून आहे. मर्यादित खर्चात केलेल्या सुधारणेत एकूण रकमेपेक्षा कामाचा क्रम अधिक महत्त्वाचा ठरतो. स्पीकर आणि तो ज्यात बसतो तो दरवाजा यांवर आधी, अँप्लिफायरवर नंतर आणि दर्शनी भागातील हेड युनिटवर सर्वांत शेवटी खर्च केल्यास कमी पैशांत अधिक फरक पडतो. प्रत्यक्षात बहुतेक ग्राहक नेमक्या उलट क्रमाने खरेदी करतात, कारण हेड युनिटचा पडदा डोळ्यांना दिसतो. स्पीकर मात्र जाळीआड राहतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० मध्ये 'मोटोरोला' या नावाने मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला. युरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्ट या जर्मन कंपनीने असा संच तयार केला. फिलिप्सने १९६३ मध्ये सादर केलेल्या कॉम्पॅक्ट कॅसेटमुळे पुढे चालकाला आवडीचे संगीत निवडता येऊ लागले.

भारतात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आल्यानंतर खासगी मोटारींची संख्या वाढू लागली. त्या काळी बहुतेक मोटारी संगीतयंत्रणेविना मिळत. मालक गाडी घेतल्यावर बाहेरच्या दुकानातून टेप व स्पीकर बसवून घेई. मुंबईत इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी लॅमिंग्टन रोड आणि मोटारींच्या साहित्यासाठी कुर्ला–कालिना परिसरातील सीएसटी रोड या बाजारपेठा प्रसिद्ध आहेत. हेड युनिट १८० × ५० मिलिमीटर या प्रमाणित मापाचे (सिंगल डिन) किंवा त्याच्या दुप्पट उंचीचे (डबल डिन) असल्याने ते बदलणे सोपे होते.

पुढे निर्मात्यांनी संच कारखान्यातच बसवण्यास सुरुवात केली. २०१४ मध्ये आलेल्या टाटा झेस्टमध्ये हरमन कंपनीची यंत्रणा होती. या कंपनीचा पुण्याजवळ चाकण येथे कारखाना आहे. नंतरच्या मोटारींत स्पर्शपडदा, मागील कॅमेरा, स्टिअरिंगवरील बटणे आणि वाहनाच्या काही सेटिंग्ज एकाच युनिटमध्ये गुंफल्या गेल्या. त्यामुळे हेड युनिट बदलणे खर्चिक व गुंतागुंतीचे झाले आणि सुधारणेचा भर त्याच्या मागे जोडलेल्या भागांवर आला.

बीड जिल्ह्यात परळी वैजनाथ येथे जुने रेल्वेस्थानक असले, तरी जिल्ह्याचे मुख्यालय असलेले बीड शहर सप्टेंबर २०२५ मध्ये प्रथमच प्रवासी रेल्वेने जोडले गेले. तोपर्यंत अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यातील प्रवास प्रामुख्याने एसटी, 'काळी-पिवळी' जीप आणि खासगी वाहनांवरच चाले. लांब पल्ल्याचा रस्ताप्रवास हा येथील दैनंदिन जीवनाचा भाग असल्याने गाडीतील टेप ही चैनीपेक्षा सोबतीची वस्तू मानली जाते.

खर्चाविना होणारी सुधारणा

आवाज खराब असण्याचे कारण अनेकदा यंत्रात नसून वाजवल्या जाणाऱ्या ध्वनिफितीत असते. मोबाइल दुकानांतून पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डात भरून घेतलेली गाणी पुष्कळदा कमी बिटरेटची आणि अनेक वेळा रूपांतरित केलेली असतात. त्यांतील झांज, टाळ किंवा बासरीचे उच्च स्वर आधीच नष्ट झालेले असतात व कोणताही स्पीकर ते परत आणू शकत नाही. तेच गाणे ३२० किलोबिट प्रतिसेकंद दर्जाच्या मूळ फाइलमधून ऐकल्यास दोष संचाचा की फाइलचा हे कळते.

दुसरी तपासणी ध्रुवतेची आहे. एका दरवाजातील स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तर डावा पडदा पुढे येताना उजवा मागे जातो आणि खालच्या स्वरांचा मोठा भाग परस्परांना रद्द करतो. काढलेल्या स्पीकरच्या टोकांना १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावून हे पाहता येते. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लावल्यास पडदा बाहेर यावयास हवा. जुन्या वाहनांत, विशेषतः एकदा दुरुस्तीसाठी दरवाजे उघडलेल्या गाड्यांत, हा दोष आढळतो.

वॅटचे आकडे

खोक्यावर छापलेले वॅट हा ग्राहकाची दिशाभूल करणारा सर्वांत मोठा घटक आहे. हेड युनिटवर '५० × ४ वॅट' असे लिहिलेले असते. इंजिन चालू असताना मोटारीचा विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो आणि स्पीकरचा रोध सहसा ४ ओहम असतो. या दाबाचा वर्ग करून त्याला ४ ने भागल्यास ५१.८ वॅट हा आकडा मिळतो. जाहिरातीतील ५० वॅटचा उगम हाच आहे. परंतु ही शक्ती पूर्णपणे विकृत, चौकोनी तरंगाची असते. स्वच्छ, गोलाकार तरंगासाठी सैद्धांतिक मर्यादा याच्या निम्मी, म्हणजे सुमारे २६ वॅट इतकी येते. अंतर्गत हानी वजा जाता प्रत्येक स्पीकरला प्रत्यक्षात १५ ते २० वॅट मिळतात. युनिटच्या मागील फ्यूज १० अँपिअरचा असेल, तर त्यातून सातत्याने जाऊ शकणारी एकूण शक्ती १४४ वॅटच्या आसपास राहते; मग चार स्पीकरना मिळून २०० वॅट कोठून येणार, हा प्रश्न शालेय विज्ञानाच्या आधारेही विचारता येतो. तुलनेसाठी 'आरएमएस' या नावाने दिलेला आकडाच ग्राह्य धरला जातो. 'पीक' किंवा 'पीएमपीओ' या नावांखालील आकड्यांना व्यवहारात अर्थ नाही.

शक्ती दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट शक्तीने ३ डेसिबलची वाढ होते, जी कानाला थोडीशीच जाणवते. आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. यामुळे स्पीकरची संवेदनशीलता (१ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर मिळणारा आवाज) निर्णायक ठरते. ८८ ऐवजी ९१ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर निवडणे हे अँप्लिफायरची शक्ती दुप्पट करण्याइतकेच फलदायी असते, आणि त्यासाठी वेगळा खर्च सहसा लागत नाही. मूळ हेड युनिट तसेच ठेवणाऱ्याने खोक्यावरील वॅट न पाहता हा आकडा पाहावा, असे जाणकार सांगतात.

स्पीकर

स्वस्त श्रेणीच्या मोटारींत साधारणतः ६.५ इंची, कागदी पडद्याचे, लहान चुंबकाचे आणि प्लॅस्टिकच्या चौकटीचे स्पीकर असतात. अनेक वाहनांच्या खालच्या आवृत्त्यांत ट्वीटर नसतो किंवा मागील दरवाजांत स्पीकरच नसतात. बदली स्पीकर दोन प्रकारचे मिळतात. कोअॅक्सियल प्रकारात ट्वीटर मुख्य स्पीकरच्या मध्यभागीच असतो. बसवणे सोपे व खर्च कमी. कंपोनंट प्रकारात ट्वीटर वेगळा असून तो खिडकीच्या कोपऱ्यात कानाच्या उंचीजवळ लावतात, त्यामुळे गायकाचा आवाज पायाशी न येता समोरून येतो. २०२० च्या दशकाच्या पूर्वार्धात नामांकित कंपन्यांची कोअॅक्सियल जोडी साधारण दोन ते चार हजार रुपयांत मिळत असे.

चारही स्पीकर स्वस्तात बदलण्यापेक्षा केवळ पुढची जोडी चांगली घेणे श्रेयस्कर मानले जाते. चालक आणि शेजारचा प्रवासी मुख्यतः पुढचाच आवाज ऐकतात.

दरवाजा

मोटारीचा दरवाजा ही स्पीकरची पेटी असते आणि ती पेटी म्हणून अत्यंत निकृष्ट असते. पातळ पत्रा स्पीकरबरोबर थरथरतो, मोठ्या भोकांतून पडद्यामागची हवा पुढे येते आणि खालचे स्वर नाहीसे होतात. पत्र्यावर ब्युटाइल रबर व अॅल्युमिनियमचा थर असलेले पत्रक चिकटवणे, अंतर्भागातील मोठी छिद्रे बंद करणे आणि स्पीकरखाली घट्ट कडे बसवणे, या तीन कामांनी मूळ स्पीकरचाही बास लक्षणीय सुधारतो. सुधारणेच्या सर्व टप्प्यांत खर्चाच्या मानाने सर्वाधिक लाभ येथे होतो, पण हे काम दिसत नसल्याने ते क्वचितच केले जाते.

बीडसारख्या जिल्ह्यात पत्रकाची निवड जपून करावी लागते. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि उन्हात बंद उभ्या केलेल्या मोटारीच्या आतील हवा बाहेरच्यापेक्षा २० अंशांहूनही अधिक तापू शकते. छतांसाठी विकली जाणारी स्वस्त डांबरी पट्टी अशा उष्णतेत मऊ होऊन घरंगळते, वास सोडते व खिडकीच्या यंत्रणेला चिकटते. दरवाजाच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची छिद्रे बंद केल्यास पावसाळ्यात पत्रा आतून गंजतो. काही मोटारींत बाजूच्या धडकेची जाणीव करून देणारा दाबमापक दरवाजातच असतो. अशा वाहनांत छिद्रे बुजवण्यापूर्वी निर्मात्याची सूचना पाहणे आवश्यक असते.

अँप्लिफायर आणि वायरिंग

दरवाजे व स्पीकर झाल्यानंतरही मोठ्या आवाजात स्वर फाटत असतील, तर चार चॅनलचा लहान अँप्लिफायर उपयोगी पडतो. 'हाय-लेव्हल इनपुट' असलेला अँप्लिफायर मूळ हेड युनिटच्या स्पीकरतारांनाच जोडता येतो. पुढच्या दोन स्पीकरना सुमारे ८० हर्ट्झखालचे स्वर न देता ते सबवूफरकडे वळवल्यास दोन्हींचे काम हलके होते.

आगीचा धोका याच टप्प्यावर उद्भवतो. प्रत्येकी ५० वॅट आरएमएस देणारा चार चॅनलचा अँप्लिफायर पूर्ण शक्तीवर १८ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेऊ शकतो. त्याची मुख्य तार थेट बॅटरीवरून आणावी लागते आणि बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत तिच्यावर फ्यूज असावा लागतो. तार पत्र्याला घासून उघडी पडल्यास हा फ्यूजच गाडी वाचवतो. अँप्लिफायरच्या टोकाला असलेला फ्यूज मधल्या तारेचे संरक्षण करत नाही. स्वस्त तारसंचांत तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असते. तिची वाहकता शुद्ध तांब्याच्या सुमारे दोनतृतीयांश असल्याने ती त्याच जाडीत अधिक तापते. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून किंवा जुन्या टेपच्या तारेतून अँप्लिफायरला वीज देणे धोक्याचे आहे.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येणे हे सहसा अर्थिंगच्या सदोष जोडणीचे लक्षण असते. रंग खरवडून, शुद्ध पत्र्यावर घट्ट बोल्टने अर्थ दिल्यास ती बहुधा जाते. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तास क्षमतेची असते. इंजिन बंद ठेवून संगीत वाजवल्यास ती काही तासांत इतकी उतरते की स्टार्टर फिरत नाही.

मोटार आणि ट्रॅक्टर

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ट्रक व ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांवर मोठ्या आवाजाची यंत्रणा बसवण्याची प्रथा राज्याच्या ऊसपट्ट्यात सर्वत्र आहे. मोटार आणि ट्रॅक्टर यांच्यासाठी एकच सामान विकले जात असले, तरी दोन्हींचे ध्वनिशास्त्र वेगळे आहे.

मोटारीची बंद केबिन खालच्या स्वरांना बळ देते. केबिनची लांबी २.५ मीटर धरल्यास सुमारे ७० हर्ट्झच्या खाली हवेचा दाब एकत्रितपणे वाढू लागतो, त्यामुळे एक लहान सबवूफरही पुरतो. उघड्या ट्रॅक्टरवर हा लाभ मुळीच मिळत नाही. तेथे आवाज इंजिनाशी स्पर्धा करतो व चारही दिशांना विखुरतो. म्हणून ट्रॅक्टरवाले अनेक स्पीकर व कर्ण्यासारखी उपकरणे लावतात. तोच 'ट्रॅक्टरवाला' संच मोटारीत बसवल्यास आवाज कर्कश होतो. ट्रॅक्टरवरील मोठ्या आवाजामुळे मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा चालकास ऐकू येत नाही, आणि मागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असताना ही बाब प्राणघातक ठरू शकते.

मोटारीतही वेग वाढला की टायर व रस्त्याचा घरघराट खालच्या स्वरांना प्रथम झाकतो. खडबडीत डांबरी रस्त्यावर बास 'गायब' होतो तो यामुळे. आवाज वाढवणे हा त्यावरील सोपा पण चुकीचा उपाय होय. पत्र्याचे थरथरणे कमी करणे आणि टायरमधील हवा योग्य ठेवणे अधिक उपयुक्त असते.

श्रवण आणि कायदा

अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला कमाल आठ तास काम करावे, आणि त्यापुढील प्रत्येक ३ डेसिबलला ही मर्यादा निम्मी होते. त्यानुसार ९४ डेसिबलला एकच तास उरतो. नव्या अँप्लिफायरसह ही पातळी बंद काचांच्या मोटारीत सहज ओलांडली जाते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. स्पीकर वा अँप्लिफायर बदलल्याने हा तपशील बदलत नाही.

मूळ तारा कापल्यास विद्युत भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. यासाठी गाडीच्या मॉडेलनुसार मिळणारे जोड-कनेक्टर वापरतात, ज्यामुळे मूळ जोडणी अबाधित राहते. काढलेले मूळ स्पीकर जपून ठेवल्यास गाडी विकताना ते परत बसवून सुधारित भाग दुसऱ्या वाहनात नेता येतात.