तेलाचा माग

१८ मे १९७४, शनिवार, दुपारचे तीन. वाशीमच्या अकोला नाक्यावर तुम्ही उभे आहात आणि चपलेचा तळ डांबराला चिकटतो आहे. इथे कुणाला जिल्हा विचारलात तर तो अकोला सांगेल. वाशीम स्वतः जिल्हा होईल ते १ जुलै १९९८ ला, त्याला अजून चोवीस वर्षं आहेत. स्टेशनाकडून शिट्टी येत नाही. देशभर रेल्वेचा संप चालू आहे, आजचा अकरावा दिवस. गाड्यांचं काही खरं नाही, मग पार्सलची गोष्ट कशाला काढायची. पानठेल्यावरच्या ट्रान्झिस्टरभोवती माणसं जमली आहेत. सकाळी राजस्थानात पोखरणला अणुस्फोट केल्याची बातमी आली आहे.

तुमचं काम मात्र पलीकडच्या कडुनिंबाखाली आहे. पत्र्याची शेड, शेडमध्ये विटांनी बांधलेला खड्डा, खड्ड्यावर पंचायत समितीची जीप. खालून आवाज येतो, "उभा काहून रायला बे पोट्ट्या? बत्ती धर!" तुम्ही बत्ती घेऊन खड्ड्यात उतरता.

डोक्यावर आलेली गाडी नीट पाहून घ्या. महिंद्रची सीजे थ्री बी, उंच बॉनेटवाली. विलीजने १९५३ मध्ये या जीपला नवं हरिकेन इंजिन दिलं. त्याचा इनलेट व्हॉल्व्ह डोक्यावर असल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. महिंद्रने मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली ती १९४९ मध्ये. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबलं, पण आपल्याकडे ते तालुक्या-तालुक्याच्या कचेरीसमोर उभं आहे. मधोमध बिडाची गिअरपेटी लोंबते, तीन पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स. तिला मागून ट्रान्सफर केस जोडलेली. पुढच्या चाकांना ताकद देणं आणि घाटाचा हळू गिअर लावणं ही दोन्ही कामं ट्रान्सफर केसची. तिच्या मागच्या तोंडावर एक ड्रम दिसतो. तो हँडब्रेकचा आहे. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, इथे लागतो, प्रोपेलर शाफ्टवर.

आणि तो लागत नाही, म्हणून गाडी आली आहे. परवा पातूरच्या घाटात ड्रायव्हरने साहेबांना उतरवायला जीप थांबवली, हँडब्रेक ओढला, तरी जीप मागे सरकू लागली. क्लीनरने चाकाखाली दगड लावला म्हणून निभावलं. ड्रायव्हर काठावर उकिडवा बसून गाऱ्हाणं सांगतो आहे, "दोन डाव खालच्या झाकणाचं पॅकिंग बदलून आणलं मिस्त्री. तरी तेल गळूनच रायलं."

मिस्त्री उत्तर देत नाही. खालच्या झाकणाच्या कडेला लोंबणारा थेंब तो बोटावर घेतो, अंगठ्याने चोळतो, नाकाशी नेतो आणि तेच बोट तुमच्यासमोर धरतो. जाड, चिकट, गंधकाचा उग्र वास. इंजिनचं तेल पातळ आणि काळं असतं, त्याला जळकट वास येतो. म्हणजे हे गिअरचंच तेल. इंजिनाचं मागचं सील निर्दोष सुटलं. इतका निवाडा एका थेंबात झाला.

पुढे तो जे करतो ते लक्ष देऊन पाहा, कारण सगळी कारागिरी इथेच आहे. पाना अजून त्याच्या हातात आलेला नाही. तो तुम्हाला रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश देतो. गिअरपेटी, ट्रान्सफर केस, ड्रम, सगळं घासून धुवायचं. काळ्या मातीचे आणि तेलाचे थर ढलप्यांनी निघतात, रॉकेल कोपरावरून काखेत उतरतं. फडक्याने कोरडं केल्यावर तो खडूची भुकटी फुंकून सगळ्या पेटीवर बसवतो. मग ड्रायव्हरला सांगतो, "रिसोड नाक्याकून लांब जाऊन ये. गाडी तापली पायजे."

जीप परत येते ती फुफाट्यासह. बत्ती वर धरा. पांढऱ्या भुकटीवर तेलाने आपली वाट काढून ठेवली आहे. एक काळी रेघ गिअरपेटीच्या वरच्या झाकणाखालून निघते, बिडाच्या उभ्या कडेने उतरते, दोन पेट्यांच्या सांध्यात शिरते आणि मागे वळून थेट खालच्या झाकणाच्या बोल्टवर येऊन थांबते. तिथेच थेंब धरतो. खालचं पॅकिंग निर्दोष होतं. दोनदा उगाच बदललं गेलं. दुसरी रेघ ड्रमच्या आतून, मागच्या सीलमधून. तिनेच हँडब्रेकचे लायनर तेलात भिजवले.

"थेंब खालतं पडते," मिस्त्री म्हणतो, "पण तू वरतं पाय." मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत गिअरचे दात, कोन, गुणोत्तरं सगळं सापडतं. गळती शोधायची ही रीत तिथे ठळक छापायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

आधी तेल काढतात. तळाच्या तेलातून मिस्त्री लोहचुंबक फिरवतो, त्याला बारीक पोलादी कण चिकटतात. तो ड्रायव्हरकडे पाहतो, "चालत्या गाडीत पयला गिअर टाकता ना?" या पेटीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला पितळी सिंक्रो रिंग आहेत, पहिल्याला नाही. गाडी पुरती उभी न करता पहिला टाकला की दातावर दात आपटतो. चुंबकाला न चिकटणारे सोनेरी कण दिसले असते तर रिंग गेल्या असं समजून पेटी उतरवावी लागली असती. ते नाहीत. ड्रायव्हरचा जीव भांड्यात पडतो.

वरच्या झाकणाचं तयार पॅकिंग वाशीममध्ये नाही. मिस्त्री जाड पॅकिंग कागद झाकणावर ठेवतो आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकत जातो. बिडाच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो, झाकणाचा हुबेहूब आकार सुटून येतो. बोल्टच्या भोकांसाठी तो जुन्या बेरिंगची गोळी भोकावर ठेवून एक ठोका देतो; स्वच्छ गोल टिकली खाली पडते. पुढची भोकं तुम्ही पाडा. ठोका जोराचा बसला तर झाकणाची धार बोथट होईल आणि नवी गळती तुमच्या नावावर लागेल. कागदाला दोन्ही अंगांनी शेलॅक लावतात, बोल्टच्या आट्यांनाही लावतात, आणि बोल्ट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळतात.

आता मागचं सील. प्रोपेलर सोडला, ड्रम काढला, कॉटर पिन उपटून मोठा नट उघडला, योक ओढून काढला. योकच्या गुळगुळीत अंगावरून नख फिरवा. एका जागी अडकतं. वर्षानुवर्षं सीलची कड एकाच रेषेवर घासून तिथे चरा पडला आहे. यावर कोरं सील बसवलं तरी त्याच चऱ्यातून तेल येईल. तसं कोरं सील आणायचं कुठून? सकाळी एसटीने अकोल्याला गेलेला माणूस हात हलवत परतला आहे. मुंबईचा माल अडकलाय.

मिस्त्री जुनं सील उजेडात धरून दाबून पाहतो. रबर अजून मऊ आहे. आतली केसासारखी बारीक गोल स्प्रिंग तो नखाने उचलतो. तिचं एक निमुळतं टोक दुसऱ्या टोकात पेचासारखं फिरवलेलं असतं. तो उलटं फिरवून ते सोडवतो, जाड टोकाकडचे थोडे वेढे कापतो आणि पुन्हा जुळवतो. स्प्रिंग आखूड झाली, सीलची कड शाफ्टला जास्त घट्ट धरणार. मग सील बसवताना ते पहिल्यापेक्षा किंचित बाहेर ठेवतो, म्हणजे कड चऱ्यावर न येता योकच्या कोऱ्या पट्टीवर चालेल. कडेला गिअरचं तेल चोपडायला तुम्हाला सांगतो, कारण कोरडी कड पहिल्या फेऱ्यातच जळते. योकच्या आतल्या खाचांतूनही तेल नटापर्यंत येतं, तिथे पुन्हा शेलॅक. लायनर पेट्रोलने धुऊन पॉलिश पेपरने खरवडले.

तुम्हाला वाटतं, झालं. तो मात्र ट्रान्सफर केसच्या वरच्या अंगाचं बोटाएवढं ब्रीदर खोलतो आणि तुमच्या तळहातावर ठेवतो. काळ्या मातीने ठार बुजलेलं! घाटात पेटी तापली की आतली हवा फुगते. तिला वाट मिळाली नाही तर झाकण दाबून बसवलेल्या उकळत्या भांड्यासारखी ती सगळ्यात कमजोर कड शोधते आणि तेलाला तिथून बाहेर ढकलते. थंड होताना उलटं होतं, ओढ्याचं पाणी आत ओढलं जातं आणि तेलाचं ताक होतं. सील गेलं होतं हे खरं, पण त्याला घालवलं या बुजलेल्या भोकाने. तार घालून, रॉकेलने धुऊन, फुंकर मारून ब्रीदर परत बसतं.

तेल बाजूच्या भोकाच्या काठापर्यंत भरायचं. करंगळी आत घालून टेकली की पुरे, जास्त भरलं तर तेही गळतीच होऊन बाहेर येतं. तुमच्या काळात कुणी या पेटीत जीएल-५ तेल ओतायला निघाला तर त्याचा हात धरा. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळी रिंगा खाऊ शकतात. जीएल-४ मागा.

संध्याकाळी मालेगाव, मेडशी मागे टाकून जीप पातूरच्या घाटात उभी राहते. हँडब्रेक ओढला, पाय ब्रेकवरून काढला. गाडी जागची हलत नाही. तुम्ही खाली सरपटता. झाकण कोरडं, सीलच्या कडेला फक्त ओल. "ओल राहू दे," मिस्त्री म्हणतो, "संप सुटला का नवं सील आन, नवा योकही आन. तवर दर धुलाईले ब्रीदर खोलून पाय."

ड्रायव्हर विचारतो, किती दिवस निघतील यावर? मिस्त्री महिनाभर धरून चाल म्हणतो. संप २७ मे ला मागे घेतला जाणार आहे हे त्या दोघांना माहीत नाही, तुम्हाला आहे. मग पार्सलं मोकळी व्हायला चार दिवस जास्तीचे धरा. तेवढे दिवस ती आखूड स्प्रिंग आरामात काढेल.