बाटली कधी उघडली?

सिकलसेलची प्राथमिक चाचणी दिसायला फार साधी असते. एका छोट्या काचनळीत द्रावण घ्यायचे, बोटातून काढलेला रक्ताचा थेंब त्यात मिसळायचा, काही मिनिटे थांबायचे आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा नळीतून दिसल्या तर निकाल निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह, आणि मग पुढची पक्की तपासणी. या रेघांवर आमच्या भागात सोयरिकी ठरतात आणि मोडतात.

मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञही नाही. पैनगंगेच्या अलीकडे, झरी जामणी तालुक्यात माझे आयुष्य गेले. अक्षर बरे म्हणून आरोग्य शिबिरांत वही लिहायला मला बोलावत. बारा-तेरा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, एका कोलाम पोडावर असेच शिबिर होते. कडुनिंबाखाली टेबल, टेबलावर नळ्या आणि बाटली. एका मुलीच्या नावापुढे मी ‘निगेटिव्ह’ लिहिले. पुढे तिचे लग्न झाले. मुलगा सिकलसेलचा वाहक आहे हे दोन्ही घरांना ठाऊक होते. पण मुलगी निरोगी, म्हणून कोणाला चिंता नव्हती. त्यांचे पहिले मूल वर्षाचे व्हायच्या आत हातपाय सुजून रडू लागले. मोठ्या दवाखान्यात हिमोग्लोबिनची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी झाली. मुलाला आजार होता, आणि आई वाहक निघाली. मुलीचे वडील माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, “भाऊ, तुमच्याच वहीत नाही म्हणून लिवलं होतं ना?”

ती वही मी पुन्हा काढून पाहिली. नाव, वय, पोड, निकाल असे चार रकाने. त्यापलीकडे काही नाही. त्या दिवसापासून मी या चाचणीचा इतिहास शोधत आलो. हा लेख त्या शोधाचा आहे.

शिकागोत १९१० साली जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात कोयत्यासारख्या वाकड्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. प्राणवायू कमी झाला की पेशी वाकतात, हे हान आणि गिलेस्पी यांनी १९२७ मध्ये दाखवले. तेव्हा रक्ताचा थेंब काचपट्टीवर बंद करून पेशी वाकण्याची तासन्‌तास वाट पाहावी लागे. १९४८ मध्ये डॅलंड आणि कॅसल यांनी प्राणवायू हिरावून घेणारी रसायने वापरून हा वेळ मिनिटांवर आणला. पुढच्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे सिद्ध केले. त्यांच्यापैकी हार्वे इटानो यांनी १९५३ मध्ये या हिमोग्लोबिनच्या विद्राव्यतेचा अभ्यास मांडला. आमच्या पोडावरची नळी त्याच तत्त्वावर चालते.

भारतात १९५२ साली लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये वाकड्या पेशी नोंदवल्या. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्येही हा आजार आढळल्याचे प्रसिद्ध झाले. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि विदर्भाचे नाव या नकाशावर पक्के झाले. या सगळ्या इतिहासात रोग आहे, रेणू आहे, जमाती आहेत. नळीत काय होते, कोणत्या अवस्थेत होते, याबद्दल मात्र क्वचितच बोलले जाते.

नळीतला मुख्य पदार्थ म्हणजे सोडियम डायथायोनाइट. नाव परके असले तरी वस्तू परकी नाही. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत गुळाला उजळ रंग यावा म्हणून जी ‘हायड्रॉस’ पावडर टाकतात, ती हीच. कापड रंगवणारेही ती वापरतात. तिचा गुण म्हणजे ती प्राणवायूची हावरी असते. तिचा अवगुणही तोच. दमट हवा लागली की ती बाटलीतच हवेतला प्राणवायू खात बसते आणि हळूहळू निकामी होते. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते. झाकण सैल राहिलेली बाटली इथे किती दिवस धड राहील?

चाचणीत या पावडरीने हिमोग्लोबिनमधला प्राणवायू काढून घ्यायचा असतो. तो निघाला की सिकलचे हिमोग्लोबिन विरघळेनासे होते आणि द्रावण गढुळते. पावडरच मेलेली असेल तर प्राणवायू निघत नाही, हिमोग्लोबिन विरघळलेलेच राहते आणि रेघा स्वच्छ दिसतात. म्हणजे बिघडलेले रीएजंट ‘मी बिघडलो’ असे सांगत नाही. ते ‘तुमचे रक्त चांगले आहे’ असे सांगते. काटा अडकलेला तराजू निदान दुकानदाराला दिसतो. इथे बिघाड सुवार्तेच्या रूपाने घरात येतो, आणि सुवार्तेची फेरतपासणी कोणी करत नाही.

यावरचा उपाय रसायनाइतकाच जुना आहे. १९२४ मध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी कारखान्यातील मालासाठी नियंत्रण-आलेख मांडला. १९४७ मध्ये बेल्क आणि संडरमन यांनी अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवले, तेव्हा उत्तरांतली तफावत पाहून वैद्यकविश्व हादरले. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी शूहार्टचा आलेख प्रयोगशाळेत आणला. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना रोज तपासायचा, आणि उत्तर चुकले तर त्या दिवशी रुग्णांचे निकाल द्यायचेच नाहीत, हे त्यामागचे तत्त्व.

सिकलसेलच्या नळीला आलेखाची गरज नाही, दोन जास्तीच्या नळ्या पुरतात. एकीत निरोगी माणसाचे रक्त, दुसरीत पक्क्या तपासणीने ठरलेल्या वाहकाचे. इथे एक बारकावा आहे. दुसऱ्या नळीत आजारी माणसाचे रक्त न घेता वाहकाचे घ्यावे, कारण त्यात सिकलचे हिमोग्लोबिन निम्म्याहून कमी असते. रीएजंट थोडे जरी अशक्त झाले तरी ते वाहकाच्या नळीत आधी उघडे पडते. आजाऱ्याच्या रक्तात ती अशक्तता झाकली जाऊ शकते. ज्या वाहकाकडे लग्नाच्या बाजारात संशयाने पाहिले जाते, त्याचाच थेंब गावभरच्या निकालांचा जामीनदार ठरतो.

पोडावरच्या त्या दिवशी नेमके काय चुकले? पावडर मेली असेल. किंवा मुलीच्या अंगात रक्तच कमी असेल. हिमोग्लोबिन फार उतरलेले असेल तर नेहमीच्या थेंबात चाचणीला पुरेसा ऐवज नसतो आणि धड रीएजंटही निगेटिव्ह दाखवते. थेंब लहान पडला असेल. यातले कोणते, हे आज ठरवता येत नाही, कारण माझ्या वहीत तो रकानाच नव्हता. दोन नियंत्रण-नळ्यांची नोंद असती तर निदान पावडर दोषी की निर्दोष एवढे तरी कळले असते.

आता परिस्थिती बदलते आहे. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी तपासणीची किटे परवान्याच्या कक्षेत आणली. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. पण परवाना कारखान्यातून निघालेल्या बाटलीची हमी देतो. ती उघडल्यावर, गाडीच्या डिकीतून, उन्हातून, वीज गेलेल्या फ्रिजमधून पोडापर्यंत पोचल्यावर तिची हमी तिथे उभ्या असलेल्या माणसालाच घ्यावी लागते. सात कोटींच्या कामात दोन जास्तीच्या नळ्या वेळखाऊ वाटतील. पण त्यांच्याशिवाय दिलेला ‘नाही’ हा निकाल नसतो, अंदाज असतो.

ते मूल आता पाचवीत आहे. गोळ्या नेमाने चालू आहेत, थंडीत पाय दुखतात. त्याच्या आजोबांना मी ही सगळी हकीकत सांगितली, वहीतल्या नसलेल्या रकान्यासकट. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मंग आता तरी लिवता का?”

लिहितो. शिबिराला गेलो की पहिल्या पानावर सर्वांत आधी तीन ओळी असतात: बाटली कधी उघडली, वाहकाची नळी गढुळली का, निरोग्याची स्वच्छ राहिली का. त्या भरल्याशिवाय मी पहिले नाव लिहीत नाही.