ओझोनचा पत्ता

बदलापुरात फ्लॅट घेणारा आधी हवेचं कौतुक करतो. प्रदूषण म्हणजे उल्हासनगरची गर्दी, अंबरनाथची एमआयडीसी. इथे समोर चंदेरीचा डोंगर, वर निळं आकाश. धूळ-धुरापुरतं हे पटेलही (तरी राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत उल्हासनगरसोबत बदलापूरचंही नाव आहेच). ओझोनचा हिशेब मात्र उलटा बसू शकतो.

जमिनीलगतचा ओझोन चिमणीतून निघत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा उन्हात शिजून तो तयार होतो. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पॉलिशवाल्याने डबा उघडला की नाकाला झोंबतो तो ओझोन नव्हे, त्याचा शिधा. शिजायला काही तास लागतात; तोवर दुपारचा खारा वारा हा शिधा पूर्वेकडे ढकलत असतो.

‘पण चौकातल्या यंत्रावर ओझोन कमीच दिसतो!’ दिसणारच. ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला तिथल्या तिथे खातो. पंगत बसते ती वाऱ्याच्या पुढच्या गावात. शिवाय हाताने नमुने घेणारी केंद्रं आठवड्यातून दोनदा धूलिकण, सल्फर आणि नायट्रोजन डायऑक्साइड पाहतात, ओझोन नाही. शुद्ध हवा कार्यक्रमाचं उद्दिष्टही धूलिकणांचंच. मग बदलापूर ‘स्वच्छ’ ठरलं ते कशावरून?

हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही. नाका-घशात न अडता फुप्फुसात खोल उतरतो, दमा चाळवतो. एन-95 मास्क त्याला अडवत नाही. अमेरिकेतल्या 96 शहरांतल्या साडेचार लाखांच्या आसपास माणसांवरच्या 2009 च्या अभ्यासात, सूक्ष्म कणांचा परिणाम वेगळा काढल्यावरही श्वसनविकाराच्या मृत्यूंशी ओझोनचा संबंध उरला. बंद खिडकीआड मात्र तो भिंती-पडद्यांवर बराचसा विरतो. म्हणून एकाच वॉर्डातला परांचीवरचा गवंडी आणि एसीतला कारकून एका आकड्यात बसवणं मला गैर वाटतं.

तुलना करायचीच तर आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम हे देशाचं मानक समोर ठेवून, उल्हासनगरच्या चौकात आणि बारवी धरणाकडच्या पाड्यांवर एकाच दिवशी मोजा, एप्रिल-मेच्या दुपारी. जुलैत मोजून ‘ओझोन नाही’ असा अहवाल देऊ नका. पावसाळ्यात तो एरवीही खालीच असतो.