नवख्या माणसाला थेट मुख्य प्रशिक्षक करणं किती जोखमीचं? विदर्भ, मुंबई आणि टीम इंडियाकडे बघून समजून घेऊया

मनीषनगरहून वर्धा रोडने दक्षिणेला निघालं की जामठ्याचं व्हीसीए स्टेडियम लागतं. 2 मार्च 2025 ला इथेच विदर्भाने केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित ठेवून तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. पहिल्या डावातली 37 धावांची आघाडी कामी आली. दानिश मालेवारचे 153, करुण नायरचं दुसऱ्या डावातलं शतक, हर्ष दुबेच्या मोसमातल्या विक्रमी 69 विकेट, हे सगळं सोशल मीडियावर फिरलं. मुख्य प्रशिक्षक उस्मान गनी यांचं नाव मात्र नागपूरबाहेर फार कमी लोकांच्या तोंडी आलं.

याउलट पहिल्या दोन करंडकांच्या वेळी प्रशिक्षकाचीच चर्चा जास्त होती, कारण ते होते चंद्रकांत पंडित.

विदर्भाने पंडितांना आणलं तेव्हा या संघाने एकदाही रणजीची फायनल खेळलेली नव्हती. पंडितांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने मात्र तीनदा करंडक जिंकला होता. म्हणजे माणूस पारखलेला होता. 1 जानेवारी 2018 ला इंदूरमध्ये दिल्लीला 9 विकेटने हरवून विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला आणि पुढच्याच मोसमात जामठ्यात सौराष्ट्रला हरवून पुन्हा. नंतर पंडित मध्य प्रदेशकडे गेले आणि 2022 मध्ये त्यांनाही पहिला रणजी करंडक मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, मग विषयच संपला. अनुभवी माणूस आणा, करंडक घ्या. पण गोष्ट एवढी सोपी नाही.

मुख्य प्रशिक्षकाच्या हातात नेमकं असतं काय?

सहायक प्रशिक्षक सल्ला देतो. बॅटिंग कोच बॅटचा अँगल बघतो, बोलिंग कोच रनअप बघतो. मुख्य प्रशिक्षकाला नाही म्हणावं लागतं. अकरा जणांत कोण नाही, सीनियर खेळाडूला बाहेर बसवायचं का, थकलेल्या वेगवान गोलंदाजाला विश्रांती द्यायची का, हे तो कर्णधारासोबत ठरवतो आणि हरल्यावर उत्तरही देतो. हे काम दुसऱ्याचं बघून अर्धंच शिकता येतं.

आणि ते चुकलं तर किंमत खेळाडू मोजतात. बीसीसीआयने 2021 मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार रणजीत अकरात खेळणाऱ्याला, त्याच्या सामन्यांच्या अनुभवाप्रमाणे, दिवसाला 40 ते 60 हजार रुपये मिळतात. राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. चार दिवसांच्या एका सामन्यात हा फरक 80 हजार ते सव्वा लाखाच्या घरात जातो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे मोसम. 24 वर्षांच्या पोराचा एक रणजी मोसम बेंचवर गेला की आयपीएलचा लिलाव आणि भारत अ संघाची निवड, दोन्हीकडे दाखवायला त्याच्या नावावर काही उरत नाही. संघटना पुढच्या वर्षी दुसरा प्रशिक्षक आणू शकते. पोराला ते वर्ष परत मिळत नाही.

मग नवखा म्हणजे नेमका कोण?

इथेच सगळी गल्लत होते. मार्च 2024 मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून मुंबईने 42 वा रणजी करंडक घेतला. मुंबईचे मुख्य प्रशिक्षक होते ओंकार साळवी आणि या पदावरचा हा त्यांचा पहिलाच मोसम. मोठ्या स्तरावर खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर काय? रेल्वेकडून एक लिस्ट ए सामना, बस्स. पण गोलंदाजांसोबत काम करण्यात त्यांची वर्षं गेली होती, त्यात कोलकाता नाइट रायडर्सचाही अनुभव होता. खुर्ची नवी होती, काम जुनंच होतं.

दुसऱ्या प्रकारचा नवखा म्हणजे मोठा खेळाडू, ज्याला नावावरून थेट संघ मिळतो. भारतीय क्रिकेटमध्ये हा रस्ता नियमातच आहे. मे 2024 मध्ये बीसीसीआयने पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदाची जाहिरात काढली. पात्रतेचे पर्याय असे: किमान 30 कसोटी किंवा 50 वनडे खेळलेला असावा, किंवा कसोटी खेळणाऱ्या देशाचा किमान दोन वर्षं मुख्य प्रशिक्षक असावा, किंवा आयपीएल, प्रथम श्रेणी संघ वगैरेंसोबत तीन वर्षं त्याच पदावर असावा, किंवा लेव्हल 3 प्रमाणपत्र असावं. यातला कोणताही एक पर्याय चालतो. म्हणजे 50 वनडे खेळलेल्या माणसाने आयुष्यात एक दिवसही कोचिंग केलं नसलं तरी अर्ज वैध. पंडितांनी 5 कसोटी आणि 36 वनडे खेळले, त्यामुळे पहिल्या निकषावर ते बाद! त्यांना प्रशिक्षक म्हणून केलेलं काम दाखवावं लागलं असतं.

जुलै 2024 मध्ये गौतम गंभीर यांची निवड झाली. 58 कसोटी, 147 वनडे, दोन वर्ल्ड कप. लखनऊ आणि कोलकात्यात ते मेंटॉर होते, मुख्य प्रशिक्षक कुठेच नव्हते. पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी न्यूझीलंडने भारतात येऊन 3-0 ने मालिका जिंकली. मायदेशात तीन किंवा जास्त कसोटींच्या मालिकेतले सगळे सामने हरण्याची भारताची ही पहिलीच वेळ. मार्च 2025 मध्ये त्याच गंभीरांच्या हाताखाली चॅम्पियन्स ट्रॉफीही आली. कसोटी संघातले फलंदाज उतरणीला लागले होते हेही खरं, त्यामुळे सगळं खापर एकट्यावर फोडणं अन्याय होईल. पण पाच दिवसांच्या सामन्याचं नियोजन ते थेट भारतीय संघासोबतच शिकत होते, एवढं नक्की म्हणता येतं.

बाहेरच्या खेळात हेच जास्त ठळक दिसतं. ऑस्ट्रेलियातली एनआरएल ही रग्बी लीगची, म्हणजे तेरा-तेरा जणांच्या रग्बीची, सगळ्यात मोठी स्पर्धा. तिथे बेन्जी मार्शल हा स्टार माजी खेळाडू 2024 मध्ये वेस्ट्स टायगर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि संघ तळाला राहिला. त्याच्या आदल्या वर्षी अँड्र्यू वेबस्टर पहिल्यांदाच मुख्य प्रशिक्षक झाला. अनेक वर्षं सहायक म्हणून राबलेला माणूस. न्यूझीलंड वॉरियर्स फायनलच्या एक पायरी आधीपर्यंत पोहोचले आणि वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक तोच ठरला. फक्त टायगर्स त्याआधीची दोन वर्षंही तळालाच होते, हे विसरू नका. नवख्याला बहुतेकदा बुडतं जहाजच मिळतं आणि मग बुडाल्याचा दोषही त्याच्याच माथी येतो.

अनुभवी माणूस म्हणजे तरी खात्री का?

पंडितच बघा. 2022 मध्ये कोलकात्याने त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं. 2023 मध्ये संघ सातवा, 2024 मध्ये विजेता, 2025 मध्ये आठवा. रणजीतली कडक शिस्त परदेशी खेळाडूंच्या दोन महिन्यांच्या लीगमध्ये जशीच्या तशी चालेल असं नव्हतं. चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये पारखलेला माणूस टी-20 लीगमध्ये एका अर्थाने नवखाच होता.

अमोल मुझुमदार यांचा प्रवास या सगळ्यात सगळ्यात शिकण्यासारखा आहे. प्रथम श्रेणीत 11,167 धावा, भारतासाठी एकही सामना नाही. नावावर काही मिळणार नव्हतं, म्हणून बॅटिंग कोच म्हणून ठिकठिकाणी काम केलं. 2021 मध्ये मुंबईचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच मोसमात रणजीच्या फायनलला पोहोचले. तिथे हरवलं कुणी? पंडितांच्या मध्य प्रदेशने. ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय महिला संघ हाती आला. 2025 च्या वर्ल्ड कपमध्ये हा संघ साखळीत लागोपाठ तीन सामने हरला. प्रशिक्षकाची कसोटी लागते ती अशाच आठवड्यात. 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत भारत जगज्जेता झाला.

त्याच्या काही दिवस आधीच, ऑक्टोबर 2025 मध्ये, कोलकात्याने पंडितांच्या जागी अभिषेक नायर यांचं नाव जाहीर केलं. कोलकात्यात आणि भारतीय संघात सहायक म्हणून त्यांनी काम केलेलं आहे. मुख्य प्रशिक्षक म्हणून यूपी वॉरियर्झने त्यांना जुलैमध्ये नेमलं होतं. कोलकात्याची घोषणा झाली तेव्हा त्या संघासोबत त्यांचा एकही डब्ल्यूपीएल सामना व्हायचा होता.