पंचवीसचा आकडा आला कुठून?

मंडळी, आपल्या व्याख्यानांचं चित्रण करणारा विद्यार्थी परवा विचारत होता, "सर, सेकंदाला चित्रं किती ठेवू? पंचवीस की तीस?" प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याच्या पोटात इतिहास आहे.

मूकपटाच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. वेग कमीजास्त झाला तरी चालून जाई. बोलपट आला आणि ते संपलं. वेग हलला की आवाज बिघडतो. म्हणून १९२०च्या दशकाअखेरीस २४ हा आकडा पक्का झाला.

दूरचित्रवाणीने मात्र आकडा घेतला विजेकडून. युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ चित्रं. अमेरिकेत ६०ची, म्हणून ३०. आपली वीज ५०ची, तेव्हा आपण २५वाले. ट्यूबलाइटखाली ३०ने चित्रण केलं की कधीकधी पट्टे लुकलुकतात, ते याचमुळे.

आता साठवण. हाय डेफिनिशनचं एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके. ठिपक्याला दोन बाइट धरा. २५ चित्रांनी सेकंदाला सुमारे १०४ एमबी, तासाला ३७३ जीबी! सेकंदाला ५० मेगाबिट इतकं दाबून ठेवलं, तर तोच तास साडेबावीस जीबीत बसतो.

मी त्याला म्हटलं, "व्याख्यानाला २५ पुरे. नाच, खेळ असेल तर ५० घे. न दाबलेला माल दुप्पट होईल, तो सोस. पण मूळ फाइल पुसू नकोस." कारण जो क्षण टिपलाच नाही, तो रूपांतर करून परत येत नाही. संगणक मधलं चित्र अंदाजाने भरतो, आणि अंदाजाला पुरावा म्हणता येत नाही.